काडी मोडल्याची साक्ष

पालघरच्या कोर्टात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते आरोपी म्हणून. गुन्हा असा की एक नवरा जिवंत असताना मी दुसरा केला. फिर्याद पहिल्या नवऱ्याची. आरोपी चार जण: मी, माझा आत्ताचा नवरा, माझे वडील आणि आमच्या जातीचे एक म्हातारे पंच. मी तेव्हा ऐन विशीत होते, कडेवर रांगायला लागलेला मुलगा होता, आणि मी काही चुकीचं केलंय असं मला एक क्षणभरही वाटत नव्हतं. भीती वाटत होती, ती वेगळी गोष्ट. भीती आणि अपराध यांतला फरक मला त्या वर्षात नीट कळला.

आधी पहिल्या लग्नाचं सांगते.

माहीम म्हटलं की बाहेरच्या माणसाला मुंबईतलं आठवतं. आमचं माहीम केळव्याजवळचं. एका अंगाला वाड्या, दुसऱ्या अंगाला समुद्र. वाडीवाले वेगळे, आम्ही होडीवाले वेगळे. वडिलांनी मला मराठी सातवीपर्यंत शिकवलं. आमच्या आळीत तेवढी शिकलेली मुलगी दुसरी नव्हती, आणि म्हणून स्थळ मिळायला थोडी अडचणच झाली. शेवटी तारापूरकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात दिली. नवरा एकुलता एक, सासरे वारलेले, घरात तो आणि सासू.

नवरा मारकुटा नव्हता. हे मी कोर्टातही सांगितलं आणि आजही सांगते. दर्यावर कामाला वाघ होता. पण मोठा मानी, आणि जीभ फार वाईट. दोन-तीन वर्षं झाली, मूल होईना, तशी त्या जिभेला धार चढत गेली. ताट पुढे ठेवलं की आधी माझ्याकडे बघायचा, मग ताटाकडे. चारचौघांत म्हणायचा, "खडकावर जाळं टाकलंय मी." लोक हसायचे. मी मासे निवडत बसलेली असायची, मान वर करायची नाही.

त्या घरात मला धरून ठेवलं ते सासूने. उंच, काळीसावळी, कमरेला पदर घट्ट खोचलेली बाई. बाजारात तिच्यापुढे भावाची घासाघीस करायची कुणाची हिंमत नव्हती. एकदा आम्ही दोघी किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होतो. दोरीवर एकेक बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगत जायचं, असं ते काम. मी रडत होते. ती तिच्या बाजूने टांगत टांगत माझ्यापर्यंत आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "रडतेस काय? मी बी काडी मोडून आलेली बाय हाय."

मला कळेना. तिने सांगितलं. तिचं पहिलं लग्न दुसऱ्याच गावात झालं होतं. तो नवरा कामधंदा करीत नव्हता. तिच्या बापाने पंच बसवले, काडी मोडून घेतली, आणि वर्षभराने तिने माझ्या सासऱ्यांशी पाट लावला. पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न. मुंडावळ्या नाहीत, मिरवणूक नाही, पण लग्न ते लग्नच.

"तुज्या नवऱ्याला ठावं हाय, पन तो कदी बोलत नाय. गावातली म्हातारी मानसं बी बोलत नाय. तू बी बोलू नको. पन ध्यानात ठेव, काडी मोडली म्हनून कोन मरत नाय."

पुढच्या वर्षी माझी काडी मोडली ती नवऱ्याच्याच मागणीवरून. देवळाच्या ओट्यावर पंच बसले. दोन्ही गावची माणसं होती. पंचांनी त्याला तीनदा विचारलं, "पुन्हा नांदवशील?" तीनदा तो नाही म्हणाला. मला विचारलं, "तुझी हरकत?" मी म्हटलं, "नाय." मग त्या म्हाताऱ्या पंचांनी गवताची काडी त्याच्या हातात दिली. त्याने ती माझ्यासमोर मोडली आणि दोन तुकडे दोन दिशांना टाकले. मी गळ्यातले मणी काढून त्याच्यापुढे ठेवले. पानसुपारी झाली. कागद झाला नाही. आमच्यात कधीच होत नसे. इतक्या माणसांनी डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीला कागद कशाला?

सासू ओट्यापाशी आली नव्हती. मी निघाले तेव्हा ती वाटेत उभी होती. माझ्या पिशवीत तिने सुक्या बोंबलांची जुडी घातली आणि मागे वळली.

वर्षभर मी माहेरी राहिले. मग वडिलांकडे होडीच्या दुरुस्तीला येणाऱ्या एका सुताराने मला मागणी घातली. शांत माणूस. बोलायचा कमी, रंधा मारताना मात्र तोंडातल्या तोंडात गुणगुणायचा. त्याच्याशी माझा पाट लागला. त्या सुमारास तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं होतं आणि सुतारांना मागणी होती. काँक्रीट ओतायला लाकडी साचे लागतात, ते ठोकायचं काम. आम्ही बोईसरला स्टेशनच्या पूर्वेला एका चाळवजा लांबट घरात खोली घेतली. शेजारी कुठकुठले लोक. दिवसभर हिंदी कानावर. आणि दिवस गेले मला तिथे राहायला आल्यावर काही महिन्यांतच.

मुलगा झाला त्याची बातमी किनाऱ्याने वर सरकत माझ्या जुन्या सासरी पोचली. तिथे काय झालं ते मला नंतर कळलं. होडी ओढताना कुणीतरी त्याला म्हणालं, "खडकाला अंकुर फुटला रे." सगळे हसले. आधी तो बोलायचा आणि लोक हसायचे. आता लोक बोलले आणि लोकच हसले. त्यानंतर काही दिवसांनी तो पालघरला वकिलाकडे गेला.

समन्स घेऊन हवालदार आला ती सकाळ होती. मी चुलीशी होते. दारात खाकी कपडे बघून शेजारीण आपलं पोरगं उचलून आत गेली आणि खिडकीतून बघत राहिली. हवालदार भला माणूस होता. त्याने विचारलं, "वाचता येतं का?" मी कागद हातात घेतला आणि वाचला. त्यावर माझं नाव पहिल्या नवऱ्याच्या नावाने लिहिलं होतं. मी म्हटलं, "हे माझं नाव नाय."

"सही करा ताई, नाव काय ते कोर्टात सांगा," तो म्हणाला.

हवालदार गेल्यावर शेजारीण बाहेर आली. "क्या हुआ बहन? आदमी ने कुछ किया?"

"आदमी ने नहीं, मैंने किया," मी म्हटलं. "शादी की." ती तोंडाला पदर लावून बघतच राहिली.

नवरा संध्याकाळी कामावरून आला. कागद वाचून दाखवला. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग मुलाला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "वकील बघू. उद्या खाडा करतो."

वकील पालघरला स्टेशनजवळ राहायचे. घराच्या पुढच्या खोलीत टेबल, मागे पुस्तकांचं कपाट, आणि पक्षकारांसाठी एक लांब बाक. साठीच्या आसपासचे, तपकीर ओढणारे गृहस्थ. वडील, नवरा आणि मी समोर बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "काडी मोडली त्याचा काही लेख?"

"नाय."

"हं." त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली. "ऐका. सन पंचावन्नचा कायदा म्हणतो की हिंदूंचा घटस्फोट व्हायचा तर कोर्टातून व्हायला हवा. त्याच्या वकिलाने त्याला एवढंच सांगितलंय. पण त्याच कायद्यात एक खिडकी ठेवलेली आहे. ज्या जातीत काडीमोड घ्यायची चाल पूर्वापार आहे, तिथे ती चाल अजून चालते. तुमची काडीमोड त्या खिडकीतून आत येऊ शकते."

वडिलांचा जीव भांड्यात पडला. "मग झालं तर! आमच्यात पूर्वापार हायच की."

"तुमच्यात आहे हे तुम्हाला माहीत. मॅजिस्ट्रेटसाहेब देशावरचे. त्यांना कुठून माहीत असणार? चाल आहे म्हणणाऱ्याने ती सिद्ध करायची. म्हणजे काय, तर जुनी उदाहरणं द्यायची. अमक्या बाईची काडी मोडली, तमक्याशी पाट लागला, पोरंबाळं झाली, जातीने मान्य केलं. आणि ते ऐकीव नको. ज्यांचं झालं ती माणसं पिंजऱ्यात उभी करा."

"आणि नाही केली तर?" मी विचारलं.

वकिलांनी माझ्याकडे सरळ बघितलं. बायकांशी बोलताना पुरुषांकडे बघून बोलणारे ते नव्हते, हे मला तेव्हाच आवडलं. "नाही केली तर पहिलं लग्न अजून कायम. दुसरं रद्दबातल. तुम्हाला कैद होऊ शकते. आणि मुलगा..." ते थांबले. "मुलाचं तुम्हाला कळलं असेल."

कळलं होतं.

मला वाटलं होतं, साक्षीदार काय, ढिगाने मिळतील. आमच्याच आळीत पाटाच्या बायका चार-पाच तरी होत्या. वडील आणि मी घरोघर फिरलो. पहिलीने चहा केला आणि म्हणाली, "सुना आल्यात घरात आता. त्यांच्यासमोर मी बोलू, मी पाटाची म्हनून?" दुसरीचा मुलगा शाळामास्तर झाला होता, त्याने आम्हाला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. तिसरीने कबूल केलं आणि दोन दिवसांनी निरोप पाठवला की कंबर धरलीय. मला राग आला नाही असं नाही. पण मी त्यांच्या जागी उभी राहून बघितलं. जी गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही, तिच्यावर घर उभं असतं. ती कोर्टात मोठ्याने बोलायची, कारकून ती लिहून घेणार, शिपाई ऐकणार. हे सोपं नाही.

ते पंच मात्र डगमगले नाहीत. आरोपी असून ते स्वतः साक्ष द्यायला तयार होते. पण वकील म्हणाले, "ते स्वतःची कातडी वाचवायला बोलतात असं समोरचा म्हणेल. मला बाई हवी. जिचं स्वतःचं झालंय अशी."

अशी एक बाई मला ठाऊक होती. वकिलांना मी तिचं नाव सांगितलं नाही. तिने मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिला न विचारता वकिलाच्या टेबलावर ठेवणं मला जमलं नसतं. मी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला शेजारणीकडे ठेवून बोईसरहून तारापूरची एसटी पकडली.

सासू किनाऱ्यावरच होती. जाळ्यातून निघालेला जवळा चटईवर पसरत होती. मला बघून तिचा हात थांबला. चार पावलांवर मीही थांबले. मग ती म्हणाली, "वाळलीस गं."

मी तिच्या शेजारी बसले आणि जवळा पसरायला लागले. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. मी सगळं सांगितलं. वकील काय म्हणाले, बायका काय म्हणाल्या. शेवटी म्हटलं, "आय, तू आली नाय तर मी तुजं नाव काढनार नाय. कोनाला नाय. पन तू आलीस तर मी वाचेन."

ती जवळा पसरत राहिली. मग म्हणाली, "माज्या पोराविरुद्द उभी राहू?"

"विरुद्द नको बोलू. तुजं तेवडं सांग."

"ते विरुद्दच की." तिने चटईच्या कडेचा जवळा आत सारला. "एकच हाय मला तो. उद्या त्याच्याच हातचा घोट पानी मला प्यायचा हाय. जा तू. आनि पुन्ना येऊ नको, बगतील लोक."

मी उठले. तिच्यावर राग धरावा असं काही ती बोलली नव्हती. एसटीत बसल्यावर मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर डोकं साफ झालं. मी ठरवलं की आता जे आहे त्यावर लढायचं. पंच, वडील, काडी मोडताना हजर असलेली माणसं. आणि मी.

कोर्ट म्हणजे काय ते मी तारखा खाऊन शिकले. सकाळी जायचं, व्हरांड्यात बसायचं. शिपाई बाहेर येऊन नावं पुकारतो. आपलं पुकारलं तर आत, नाहीतर दुपारनंतर कारकून पुढची तारीख सांगतो. फिर्यादी आणि आरोपी एकाच व्हरांड्यात. तो एका टोकाला, मी दुसऱ्या. एकदा मासवणकडची एक डोंगरातली बाई माझ्या शेजारी बसली होती, पोटगीसाठी अर्ज केलेली. तिचा नवरा तिच्या पलीकडेच बसला होता आणि दोघं एकाच पुडीतून चणे खात होती. मी तिला विचारलं, "भांडण हाय ना तुमचं?" ती म्हणाली, "हाय की. पन भूक बी हाय."

पहिल्या पुकाऱ्याच्या दिवशी शिपायाने माझं नाव समन्समध्ये होतं तसंच पुकारलं. पहिल्या नवऱ्याचं नाव जोडून. मी उठले नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. वडील घाबरले, "अगं, ऊठ!" तिसऱ्यांदा वकील स्वतः बाहेर आले आणि मला आत घेऊन गेले.

मॅजिस्ट्रेट तरुण होते, जाड चष्म्याचे. म्हणाले, "पुकारल्यावर हजर का होत नाही?"

"साहेब, पुकारलं ते माझं नाव नाही."

"फिर्यादीत हेच नाव आहे."

"फिर्यादीत असेल. माझं नाही."

वकिलांनी हळूच माझ्या पायावर पाय दिला. मॅजिस्ट्रेटांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुमचं नाव कोणतं ते ठरवायलाच तर हा खटला आहे. तूर्त हजर आहे एवढं म्हणा."

"हजर आहे," मी म्हटलं.

फिर्यादीची साक्ष झाली. तो पिंजऱ्यात उभा राहिला, इस्त्रीचा सदरा घालून, आणि म्हणाला की काडी वगैरे काही मोडली नव्हती. घरात भांडण झालं आणि मी माहेरी पळून आले. खोटं बोलताना त्याचा आवाज खाली गेला होता. मला त्या वेळी त्याची दया आली. हा माणूस दर्यावर कधी खोटं बोलत नसे. मग त्याच्या वकिलांनी त्याला विचारलं, "आता ही बाई कोण आहे?" आणि तो म्हणाला, "सुताराची रखेल. आनि तिचा पोर बेकायदेशीर." तो शब्द त्याला शिकवलेला होता. माझा मुलगा तेव्हा बाहेर माझ्या आईच्या मांडीवर झोपला होता.

पुढच्या तारखेला आमच्या बाजूची सुरुवात झाली. म्हातारे पंच उभे राहिले. त्यांनी काडी कशी मोडली ते सांगितलं. कोण कुठे बसलं होतं, पान कुणी आणलं. समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "त्या दिवशी पंचांना ताडी दिली होती ना?"

पंच म्हणाले, "साहेब, दारूबंदी होती."

"म्हणजे घेतली नाही?"

"म्हंजे दारूबंदी होती," पंच पुन्हा म्हणाले, आणि सगळं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटसुद्धा. पण हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "हे एका काडीमोडीबद्दल झालं. पूर्वीची उदाहरणं? दुसरं कोणी आहे?"

वकिलांनी कागद चाळले. पुढची तारीख मागायची असं आमचं ठरलं होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी हाय."

ती कधी आली, कशी आली, कुणालाच कळलं नव्हतं. नवीन नऊवारी, डोक्यावरून पदर. शिपायाने तिला अडवलं. माझे वकील माझ्या कानाशी वाकले, "ही कोण?"

"फिर्यादीची आई."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि मग असे उठले की त्यांची तपकिरीची डबी खाली पडली. समोरचे वकीलही उठले. यादीत नाव नाही, साक्षीदार बाहेर थांबलेली नव्हती, अशी हरकत त्यांनी घेतली. दोघांची बोलाचाली झाली. मॅजिस्ट्रेटांनी तिला विचारलं, "बाई, तुम्हाला कोणी बोलावलं?"

"कोनी नाय. माजी मीच आली."

त्यांनी तिची साक्ष घ्यायचं ठरवलं. ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. शपथ घेतली. माझ्या वकिलांनी फार विचारलंच नाही. त्यांनी फक्त वाट करून दिली. ती बोलत गेली. तिचं पहिलं लग्न कुठे झालं, तो नवरा कोण, पंच कोण होते, काडी कुठे मोडली. मग पाट कुणाशी लागला. मॅजिस्ट्रेट एकेक वाक्य मोठ्याने म्हणत लिहून घेत होते, म्हणजे तिचं आयुष्य आम्ही दोनदा ऐकत होतो, एकदा तिच्या बोलीत आणि एकदा त्यांच्या.

"तुमच्या काडी मोडण्याला जातीने कधी हरकत घेतली?"

"नाय. माज्या नवऱ्याच्या मयताला सगळी जात आली हुती. मीच त्याच्या नावाने बांगड्या फोडल्या. दुसऱ्या कोनाला फोडू दिल्या असत्या का?"

समोरचे वकील उलटतपासणीला उठले. तरुण होते, जरा चिडलेही होते. "पोटच्या मुलाविरुद्ध साक्ष द्यायला तुम्हाला या आरोपी बाईने शिकवलं ना?"

"ती आली हुती. मी तिला हाकलली."

"मग आलात कशाला? मुलाविरुद्ध बोलायला?"

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मुलाकडे बघत होती. "विरुद्द नाय साहेब. त्याच्यासाटीच आली. तो घरी येऊन बोलला, कोरटात आज तिच्या पोराला काय काय बोललो ते. ते शबूद मी ऐकले. ही चाल खोटी ठरली तर माजा पाट बी खोटा. मंग हा माजा पोर कोनाचा? त्याला समजलं नाय, तो लहान हाय. तुमी शिकलेले, तुमी तरी सांगा."

समोरचे वकील खाली बसले. "आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले.

तिचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली होती. मला वाटलं तो निघून जाईल. तो गेला नाही. साक्ष संपल्यावर ती पिंजऱ्यातून उतरली, माझ्या जवळून गेली पण थांबली नाही. बाहेर व्हरांड्यात ती त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. मी दारातून बघत होते. मग ती म्हणाली, "चल. गाडी चुकंल." आणि तो तिच्या हातातली पिशवी घेऊन तिच्या मागून निघाला.

निकाल पुढे काही तारखांनंतर लागला. मॅजिस्ट्रेटांनी वाचून दाखवलं ते इंग्रजी होतं. वकिलांनी समजावलं की चाल सिद्ध झाली, काडीमोड खरी, चौघांनाही निर्दोष सोडलं. वडिलांनी तिथल्या तिथे वकिलांच्या पायाला हात लावला. माझ्या नवऱ्याने मुलाला उचलून खांद्यावर बसवलं. मी शिपायाकडे गेले आणि त्याला माझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आत्ताच्या नवऱ्याच्या नावासकट. "लक्षात ठेवा," मी म्हटलं. तो हसला.

फिर्यादीने अपील केलं नाही. आईशी तो बरेच महिने बोलत नव्हता असं ऐकलं, पण जेवत तिच्याच हातचं होता. पुढे त्याने केळव्याच्या एका विधवेशी पाट लावला, त्याच म्हाताऱ्या पंचांना बोलावून. सासू एकदा बोईसरच्या बाजाराला आली तेव्हा माझ्या खोलीवर येऊन गेली. माझ्या मुलाला तिने बराच वेळ मांडीवर धरलं. त्या दिवसाबद्दल आम्ही बोललो नाही. मी तिचे आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाली, "च्या कर. गोड कर जरा."

त्यानंतर माझ्याकडे बायका यायला लागल्या. आधी माहीमच्या, मग सफाळ्याकडच्या, एकदा तर थेट मासवणहून. कुणाला काडी मोडायची होती, कुणाला पोटगी हवी होती, कुणाचा नवरा परगावी दुसरी करून बसलेला. मी वकील नव्हते. पण कोणत्या दाराने आत जायचं, कारकुनाला काय विचारायचं, कागदावर अंगठा उठवायच्या आधी तो दोनदा वाचून घ्यायचा, हे मला माहीत होतं. आणि ज्या बाईने एकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून आपलं नाव सांगितलंय, तिच्याशेजारी बसलं की दुसरीला थोडा धीर येतो, हेही मी बघितलं.

एक मुलगी मला अजून डोळ्यांपुढे दिसते. सफाळ्याच्या आतल्या गावची, भात लावून लावून बोटं पांढरी पडलेली. ती खोलीच्या दाराशी बसली होती आणि आत यायला तयार नव्हती. म्हणाली, "मला बोलता येत नाय. सायबासमोर तर नायच."

मी तिला विचारलं, "नवऱ्यासमोर कदी बोललीस?"

"एकदा."

"काय?"

"'नाय' बोलली. मी येनार नाय, आसं बोलली."

"तेवडंच पुन्ना बोलायचं," मी म्हटलं. "उद्या सकाळच्या गाडीने जाऊ. पोटभर जेवून ये, तिथं लय वेळ बसावं लागतं."